पोल्ट्रीवर डॉक्टरची व्हिजिट बोलवावी का? आमच्या ३०० अंड्यावरच्या कोंबड्यांचा अनुभव

आधी सर्व्हिस काय आहे ते सांगते. आमच्या तालुक्याच्या गावात एक पोल्ट्री कन्सल्टन्सी आहे, एक पशुवैद्यक डॉक्टर आणि त्यांचे दोन असिस्टंट. फार्मवर येऊन पक्षी बघतात, पोस्टमार्टम करतात, रक्ताचं सॅम्पल लॅबला पाठवतात आणि पुढे दोन महिने फोनवर विचारता येतं. याचे २५०० रुपये घेतले. नाव लिहीत नाहीये कारण काही गोष्टी मला खटकल्यात आणि त्या नाव घेऊन चारचौघात लिहिणं बरं वाटत नाही, पण अशी सर्व्हिस आता बऱ्याच तालुक्यात मिळते, आणि बोलवावी की नाही हे ठरवताना कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं नीट लिहिते.

आमचं गाव फलटणच्या बाजूला. बीव्ही ३८० जातीचे पक्षी, तपकिरी अंड्याचे, गादी पद्धतीवर, म्हणजे पिंजऱ्यात नाही, जमिनीवर तूस पसरून. मार्चपर्यंत २४० पक्षी होते आणि रोज सात ट्रे निघायचे, म्हणजे २१० अंडी. मार्चच्या मध्यात शेजारच्या गावातल्या एकाने शेड बंद केलं म्हणून त्याचे ६० पक्षी आम्ही घेतले, ते पण अंड्यावर आलेलेच. हिशोब असा की आता साडेआठ ट्रे तरी व्हायलाच हवेत. झालं उलटं. आधी सात, मग सहा, आणि १० एप्रिलच्या आसपास साडेचार ट्रे. निघत होती ती अंडी पण अशी की गिऱ्हाईकाला द्यायला लाज वाटावी. काही फिक्कट, काहींवर चुना सांडल्यासारखी पांढरी पावडर, काहींना मधोमध पट्टा बांधल्यासारखी वळी, आणि सकाळी तुसात दोन-चार बिनकवचाची अंडी पडलेली, हातात घेतली की पाण्याच्या फुग्यासारखी लागायची.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. दुकानात गेले, अंडी कमी झालीत म्हटलं, त्याने अंडी वाढवायचं टॉनिक दिलं, लिक्विड कॅल्शियमचा कॅन दिला, लिव्हर टॉनिक दिलं आणि जाताजाता अँटीबायोटिकची पावडर पण दिली, पाण्यातून द्या म्हणाला. सोबत जंताचं औषध, आणि ते प्रत्येकीच्या पोटात नक्की जावं म्हणून आम्ही दोघांनी संध्याकाळी एकेक पक्षी पकडून चोचीत घातलं. सगळं मिळून ४३०० रुपये. दहा दिवसांनी अंडी चार ट्रे. तेव्हा मी या लोकांना फोन केला.

डॉक्टर सकाळी सातला येतो म्हणाले आणि पावणेदहाला आले, हा पहिला मुद्दा. एप्रिलमध्ये पावणेदहा म्हणजे ऊन डोक्यावर आलेलं असतं. पण आल्यावर त्यांनी जे केलं ते मी कुणाला करताना बघितलं नव्हतं. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, शेडच्या दारात एक उलटी बादली मागितली आणि तिच्यावर वीस मिनिटं गप्प बसून राहिले. पक्ष्याला हात नाही, वहीत काही लिहिणं नाही. मला वाटलं हे काय चाललंय, २५०० रुपये याचेच का. नंतर त्यांनी सांगितलं की माणूस आत शिरला की पहिली पाच-सात मिनिटं कोंबड्या खोट्या वागतात, त्या निवांत झाल्या की मग कोण कुणाला टोचतंय, कोण भांड्यापर्यंत पोचतच नाही, कोण कोपऱ्यात चोच उघडी टाकून उभी आहे ते दिसायला लागतं.

मग दहाएक पक्षी हातात घेतले. तुरा बघितला, मागची जागा ओलसर आणि रुंद आहे का कोरडी आणि आवळलेली आहे ते बघितलं, आणि मागच्या दोन हाडांच्या मधे बोटं ठेवून दाखवली. अंड्यावर असलेल्या कोंबडीत तिथे दोन-तीन बोटं आरामात बसतात, बंद झालेलीत एखादंच बसतं. माझी पण बोटं ठेवून घेतली. ही एक गोष्ट शिकले त्यातच अर्धे पैसे वसूल झाले असं मला वाटतं, कारण त्या आधी कुठली देते आणि कुठली नुसती खाते हे मला कळायचंच नाही.

आता पोस्टमार्टम. त्या सकाळी एक मेलेली होती आणि एक आदल्या दिवशी मेलेली मी फ्रीजमध्ये ठेवली होती. पहिलीचं पोट उघडलं तर आत सगळा पिवळा बलक सांडलेला, आतड्यांना चिकटलेला, वास मारत होता. दुसरीचं अंडाशय दाखवलं. कोंबडीला जन्मताना डावी-उजवी दोन्ही बाजू असतात पण वाढते फक्त डावी, हे मला माहीतच नव्हतं. चांगल्या कोंबडीत तिथे द्राक्षाच्या घडासारखं दिसतं म्हणाले, मोहरीएवढ्या दाण्यांपासून ते पूर्ण बलकापर्यंत, आणि त्यात पाच-सहा मोठे बलक एकाखाली एक उतरत्या क्रमाने रांगेत, आजचा, उद्याचा, परवाचा. आमच्या कोंबडीत ती रांगच नव्हती. मोठे बलक सुरकुतलेले, काळपट, विझल्यासारखे. अंड्याची नळी, जी दोन फुटांच्या आसपास असते, ती पार बारीक झालेली.

डॉक्टर म्हणाले, ताई, ही कोंबडी आजारी पडून बंद नाही झाली, हिच्या शरीराने ठरवून दुकान बंद केलंय.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मेंदूच्या तळाशी एक भाग असतो तो उजेड मोजतो, आणि डोळ्यातूनच नाही तर कवटीतून आत शिरणारा उजेड पण त्याला कळतो. दिवस मोठा आहे असं वाटलं की तो खाली पिट्युटरी ग्रंथीला निरोप पाठवतो, तिथून एफएसएच आणि एलएच ही हार्मोन निघतात, त्यावर बलक वाढतात. सगळ्यात मोठा बलक तयार झाला की प्रोजेस्टेरॉन आणि एलएच एकदम वर चढतात आणि चार-सहा तासात बलक सुटतो. सुटलेला बलक नळीच्या तोंडाशी असलेल्या नरसाळ्यात पडायचा असतो. तिथून पुढे पांढरा भाग चढायला तीनेक तास, मग पापुद्रा, आणि मग कवच चढायला वीसेक तास, एकूण साधारण २५ तास. आणि हे सगळं निवांत असेल तरच. भीती, मारामारी, उकाडा, तहान, काहीही झालं की कोंबडीच्या मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं ताणाचं हार्मोन सुटतं. माणसात जसं कॉर्टिसॉल तसं पक्ष्यात हे. थोडा वेळ वाढलं तर चांगलंच, त्याच्यावरच ती मुंगसापासून पळते. पण रोज, दिवसभर वाढलेलं राहिलं की ते वरचा निरोपच दाबून टाकतं. एलएच चढत नाही, बलक सुटत नाही, जे वाढत होते ते शरीर परत शोषून घेतं. मेंदूत असा निरोप अडवणारं एक वेगळं हार्मोन पण असतं, जपानमध्ये २००० साली लाव्हा पक्ष्यात सापडलं म्हणाले, ताणाने ते पण वाढतं. आणि ज्या पहिल्या कोंबडीचं पोट बलकाने भरलं होतं तिचा बलक सुटला होता पण नरसाळ्याने तो झेललाच नाही, घाबरून धडपडण्यात, मारामारीत असं होतं, मग तो पोटात पडतो आणि त्यात जंतू वाढतात.

मला तिथे उभं राहून खरंच वाईट वाटलं. त्या दहा दिवसात आपण एकेकीला पकडून उलटं धरून औषध पाजत होतो, ते पण अंडी वाढावीत म्हणून.

अंडी वाचायला शिकवलं हे मला सगळ्यात भारी वाटलं. आदल्या दिवसाचा ट्रे समोर ठेवून एकेक अंडं उचलून सांगितलं. पांढरी पावडर असलेलं अंडं म्हणजे तयार झालेलं अंडं कोंबडीने भीतीने आत धरून ठेवलं, तेवढ्या वेळात त्याच्यावर जास्तीचा चुना बसला. फिक्कट अंडं म्हणजे शेवटच्या काही तासात जो तपकिरी रंग चढतो तो चढला नाही. आणि पट्ट्यावालं अंडं म्हणजे कवच अगदी पातळ असताना आतच तडकलं आणि कोंबडीने ते परत सांधलं. मग त्यांनी विचारलं, रात्री आठ ते दहा इथे काय होतं? कारण सकाळी येणाऱ्या अंड्याचं कवच त्याच वेळेला पातळ असतं. आमच्यापासून तीन शेतं सोडून मंगल कार्यालय आहे. एप्रिल महिना, लग्नसराई, रोज रात्री वरात आणि डीजे, पत्र्याच्या शेडला अक्षरशः कंप सुटतो. मी रोज तो आवाज ऐकत होते आणि रोज ती पट्ट्याची अंडी वेगळी काढत होते, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

उजेडाचं तर वेगळंच निघालं. अंड्यावरच्या कोंबडीला १६ तास उजेड लागतो म्हणून आम्ही टायमर बसवला होता, पहाटे चारला बल्ब लागणार, संध्याकाळी आठला बंद. टायमर साधा फिरत्या चकतीचा, बॅटरी नसलेला. लाइट गेली की चकती थांबते. आमच्याकडे दिवसातून दोन-तीन तास लाइट जाणं काही नवीन नाही, त्यामुळे तो टायमर रोज तेवढा मागे पडत गेला आणि डॉक्टर आले त्या सुमारास बल्ब दुपारी लागायला लागले होते आणि पहाटे अंधार. त्यात आमच्या मालकांनी बिल जास्त येतं म्हणून अधूनमधून संध्याकाळचे बल्ब हाताने बंद केले होते, मला न सांगता. म्हणजे कोंबडीच्या मेंदूला कधी दिवस १२ तासांचा वाटतोय, कधी १४, आणि दिवस लहान झाला म्हणजे तिच्या हिशोबाने थंडी आली, अंडी बंद करा, पिसं गाळा. तुसात पिसं पडलेली मी बघत होते, मला वाटलं उन्हाने पडतायत. वाढत्या तलंगेचा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचा) दिवस वाढवायचा नाही आणि अंड्यावरच्या कोंबडीचा दिवस कमी करायचा नाही, एवढं एक वाक्य त्यांनी शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवलं, अजून आहे.

उन्हाचं थोडक्यात. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकते, आणि धापा टाकताना अंगातला कार्बन डायऑक्साइड फार बाहेर जातो. कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेटचा भागच रक्तात कमी पडला तर कॅल्शियम कितीही पाजा, कवच पातळच येणार. माझा कॅल्शियमचा कॅन इथे वाया गेला. शिवाय आमची पाण्याची टाकी काळी, पत्र्यावर ठेवलेली, दुपारी दोनला त्यातलं पाणी मी हातावर घेतलं तर पोळलं. ते पाणी कोंबडी पिणार कशी, आणि पाणी नाही प्यायली तर खाणार कशी. टाकीवर ओलं पोतं, छपरावर उसाचं पाचट, दुपारी खाद्य उचलून ठेवायचं आणि पहाटे-संध्याकाळी द्यायचं, शिंपल्याचा जाड चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात कारण कवच रात्रीच बनतं. यातलं काहीही महाग नव्हतं.

आणि ते ६० पक्षी. आपण म्हणतो कोंबड्या आहेत, सोडल्या की मिसळतील. त्यांच्यात टोचायची एक उतरंड असते, कोण कुणाला टोचणार हे ठरलेलं असतं, आणि नवीन ६० आल्या की ती सगळी मोडते आणि परत ठरेपर्यंत मारामारी. आम्ही पक्षी वाढवले पण खाद्याची भांडी तेवढीच ठेवली, मग खालच्या नंबरच्या कोंबड्यांना दिवसभर भांड्यापर्यंत जायलाच मिळेना. डॉक्टरांनी सहा भांडी वाढवायला सांगितली आणि मधे जाळी लावून नवीन-जुन्या वेगळ्या करायला सांगितल्या. आधी महिनाभर त्या वेगळ्या ठेवायला हव्या होत्या, रोगाच्या दृष्टीने पण, हे पण त्यांनी स्पष्ट सुनावलं.

एक सांगते, त्यांनी सगळं ताणावर ढकलून दिलं नाही. अंडी अशी घसरली की मानमोडी, इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस, ईडीएस (एग ड्रॉप सिंड्रोम) असा एखादा रोग पण असू शकतो, फिक्कट आणि बिनकवचाची अंडी त्यात पण येतात, म्हणून दहा पक्ष्यांचं रक्त घेतलं. अँटीबायोटिक लगेच बंद करायला लावलं आणि तोपर्यंतची आणि पुढच्या काही दिवसांची अंडी विकायची नाहीत म्हणाले, औषधाचा अंश अंड्यात उतरतो. ती अंडी आम्ही खड्ड्यात पुरली. पैसे गेले, पण आमच्याकडून अंडी नेणाऱ्यांच्या घरात लहान पोरं आहेत, ते मला मान्य झालं.

आता खटकलं ते. त्यांच्या पत्रकावर ‘हार्मोन तपासणी’ असं ठळक छापलेलं आहे. मी विचारलं, कॉर्टिकोस्टेरॉन किती आलं? तर कळलं ते तपासतच नाहीत. कारण खरं आहे, कोंबडी पकडली की दोन-तीन मिनिटात ते रक्तात वाढायला लागतं, त्यामुळे फार्मवर घेतलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही. त्याऐवजी ते रक्ताची काच बनवून दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण बघतात, हेटेरोफिल आणि लिम्फोसाइट, बरेच दिवस ताण असला की पहिल्या वाढतात आणि दुसऱ्या कमी होतात. चांगली पद्धत आहे, पण मग पत्रकावर तेच छापा ना. शेतकऱ्याला हार्मोन तपासणी म्हटलं की काहीतरी मोठं वाटतं आणि तो पैसे देतो, हे मला पटलं नाही. रिपोर्ट १७ दिवसांनी आला, तो पण सगळा इंग्रजीत, दोन पानांचा पीडीएफ, खाली एक ओळ मराठीत नाही. फोन केल्यावर असिस्टंटने नीट वाचून सांगितला, रोग नव्हता, पेशींचं प्रमाण वाढलेलं होतं. पण १७ दिवस आमचा जीव टांगणीला होता. दुसऱ्या व्हिजिटला डॉक्टर आलेच नाहीत, असिस्टंट आला आणि जाताना लिव्हर टॉनिकची बाटली घ्या म्हणाला. ज्या बाटल्यांमधून बाहेर पडायला मी तुम्हाला बोलवलं तीच बाटली तुम्ही मला देताय, असं मी त्याला तोंडावर बोलले.

फरक किती पडला? पहिले दहा दिवस काहीच नाही, आणि डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं की एक बलक वाढायलाच आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आज ताण काढला म्हणून उद्या अंडं येत नाही, धीर सोडून परत औषधं ओतू नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साडेपाच ट्रे, जूनचा पाऊस पडला तसे सात, आता साडेसात, आणि पक्षी २९१ राहिलेत. ज्यांनी पिसं गाळली त्यातल्या काही अजून परत आल्या नाहीत. पट्ट्याची अंडी आता आठवड्यात एखादं. लग्नं संपली म्हणून पण असेल, पण मंगल कार्यालयाच्या बाजूला आम्ही ज्वारीच्या कडब्याची भिंत रचली आणि कार्यालयवाल्यांना जाऊन भेटलो, त्यांनी स्पीकरचं तोंड तरी दुसरीकडे वळवलं.

सासूबाईंच्या परसातल्या आठ गावरान कोंबड्यांचं पण यात विचारून घेतलं. खुडूक बसलेली कोंबडी म्हणजे ताणातली कोंबडी नाही, तिचं प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढलेलं असतं, पिल्लं काढायचं तिच्या अंगात आलेलं असतं. आमच्याकडे तिला पाण्यात बुडवायची, नाकात पीस घालायची पद्धत आहे. ते सगळं बंद करायला सांगितलं, त्याने फक्त भीती वाढते. तिला खालून हवा लागेल अशा जाळीच्या खुराड्यात, उजेडात, पोटभर दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवायचं. सासूबाईंना पटायला वेळ लागला, पण दोन कोंबड्यांवर करून बघितलं आणि दोन्ही उठल्या.

गिऱ्हाईकं मला नेहमी विचारतात की वहिनी, तुम्ही हार्मोनचं इंजेक्शन देता का हो कोंबडीला? पूर्वी मी नुसतं नाही म्हणायचे, आता समजावून सांगते, की हार्मोन तिच्याच अंगात असतात आणि आमच्या हातात फक्त उजेड, पाणी, खाद्य आणि शांतता आहे.

पाचापैकी साडेतीन स्टार देते. अर्धा पत्रकावरच्या हार्मोन तपासणीसाठी कापला, अर्धा १७ दिवसांसाठी आणि अर्धा त्या बाटलीसाठी. ज्यांच्याकडे शंभरच्या वर पक्षी आहेत त्यांनी वर्षातून एकदा तरी, मार्चच्या आधी, बोलवावं असं माझं मत आहे, २५०० रुपये माझ्या त्या ४३०० च्या पिशवीपेक्षा कमीच आहेत. अगदीच लहान असाल तर मेलेला पक्षी बर्फात घालून पुण्यात औंधच्या सरकारी रोग अन्वेषण विभागात नेता येतो. बोलवणार असाल तर पहाटेची वेळ मागा आणि दोनदा फोन करून पक्की करा, दोन आठवड्यांची अंड्यांची वही तयार ठेवा, आदल्या दिवसाची वाईट अंडी फेकू नका, आणि रात्री आठ ते दहा शेडमध्ये जाऊन काय काय ऐकू येतं ते एकदा लिहून काढा.